मी नाही घाबरत, अंग घाबरतं

नरकचतुर्दशीची पहाट. सांगलीच्या गावभागात आमच्या आईच्या घरी मोरीसमोर पाट मांडलेला, वाटीत कोमट तेल, शेजारी उटणे. पाटावर माझा भाचा, तेव्हा पाच वर्षांचा. त्याला स्वतःहून बसता येत नसे, म्हणून माझी धाकटी बहीण त्याला पाठीमागून धरून होती. आईने बोटे तेलात बुडवून त्याच्या खांद्याला हलकेच लावली आणि तो अंग चोरू लागला. उटण्याचा खरखरीत हात लागताच रडू फुटले. तेवढ्यात गल्लीत कोणीतरी सुतळी बॉम्ब लावला. आवाजासरशी त्याचे दोन्ही हात बाजूला फेकले गेले, पाठ कमानीसारखी ताणली गेली, पाय कात्रीसारखे एकमेकांवर आले आणि तो बहिणीच्या हातांतून निसटून पाटावरून घसरला. लागले फारसे नाही. पण पुढे कितीतरी वेळ तो शांत झाला नाही. आई म्हणाली, "लाडावलंय पोर. एवढ्या आवाजाला काय घाबरायचं?" बहीण काही बोलली नाही. तिने त्याला टॉवेलात गुंडाळले आणि अभ्यंगस्नान तिथेच संपले.

बहिणीकडे त्याच्या तपासण्यांची जाड फाईल होती. एकतिसाव्या आठवड्यात झालेला जन्म, काचेच्या पेटीतले दिवस, पुढे 'स्पास्टिक डायप्लेजिया' हे निदान, म्हणजे सेरेब्रल पाल्सीचा पायांवर अधिक परिणाम करणारा प्रकार. पायांचे स्नायू किती ताठ आहेत, टाच टेकते का, गुडघा किती अंशांत वाकतो, हे सगळे त्या फाईलमध्ये होते. पण अंगाला तेलाचे बोट का सोसत नाही, आवाजाने सगळे शरीर का उधळते, याबद्दल एक ओळही नव्हती. मी वैद्यक शिकलेली नाही. वाणिज्य शाखेची पदवी आणि एका सहकारी संस्थेतला हिशेब, एवढीच माझी पात्रता. त्या न लिहिलेल्या ओळीच्या शोधात गेली बारा वर्षे जे वाचले, थेरपिस्टांना विचारले आणि घरात पाहिले, त्यातून हा लेख आला आहे. त्याचे म्हणणे असे की, सेरेब्रल पाल्सी हा हालचालींचा विकार म्हणून ओळखला गेला, पण ती जगणाऱ्या मुलाच्या दिवसात हालचालींइतकाच, कधी त्याहून मोठा वाटा संवेदनांचा असतो. आणि हे न कळल्यामुळे आपण त्या मुलांना हट्टी, भित्री किंवा आळशी ठरवतो.

व्याख्येने काय पाहिले

हजार जिवंत जन्मांमागे साधारण दोन-तीन मुलांमध्ये आढळणारी ही अवस्था वैद्यकाच्या नजरेत प्रथम भरली ती वाकड्या हातापायांमुळे. लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम जॉन लिटल यांचा स्वतःचा पाय बालपणीच्या आजाराने वाकडा झाला होता आणि तो जर्मनीत शस्त्रक्रिया करून सरळ करून घेतलेला होता. १८६१ साली त्यांनी लंडनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या सभेपुढे कठीण बाळंतपण, अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि गुदमरणे यांचा मुलांच्या अवयवांतील ताठरतेशी संबंध मांडला. पुढे बरीच वर्षे या अवस्थेला 'लिटलचा आजार' म्हणत. १८८९ मध्ये विल्यम ऑस्लर यांचे या विषयावरचे पुस्तक आले. १८९७ मध्ये व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइड यांनी मोठा ग्रंथ लिहिला. होय, तेच फ्रॉइड. मनोविश्लेषणाकडे पूर्णपणे वळण्याआधी ते मेंदूविकारतज्ज्ञ होते. कठीण बाळंतपण हे कारण नसून गर्भातच आधी घडलेल्या बिघाडाचे लक्षणही असू शकेल, ही शंका त्यांनी घेतली होती आणि ती आज बऱ्याच अंशी रास्त ठरली आहे.

१९६४ साली मार्टिन बॅक्स यांनी केलेली व्याख्या कित्येक दशके प्रमाण मानली गेली. अपरिपक्व मेंदूतील दोषामुळे किंवा इजेमुळे होणारा हालचालीचा आणि शरीरस्थितीचा विकार, असा तिचा आशय. संवेदनेचा तिथे उल्लेख नाही. कोणाला ती दिसलीच नव्हती असे मात्र नाही. त्याच्या दहा वर्षे आधी, १९५४ मध्ये, टिझार्ड, पेन आणि क्रदर्स या डॉक्टरांनी एका अंगाचा पक्षाघात असलेल्या मुलांच्या हातांतील संवेदनादोषांवर लेख प्रसिद्ध केला होता. तरीही व्याख्येत संवेदना यायला २००७ साल उजाडले. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अहवालाने प्रथमच स्पष्ट म्हटले की, हालचालींच्या विकारासोबत बहुधा संवेदना, आकलन, संवाद, वर्तन यांतही अडचणी असतात.

आपला कायदा अजून तिथे पोचलेला नाही. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सेरेब्रल पाल्सीची गणना अस्थी, सांधे, स्नायू यांच्या अपंगत्वात होती. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वांची यादी एकवीसपर्यंत वाढवली, पण सेरेब्रल पाल्सीचे वर्णन शरीराच्या हालचाली आणि स्नायूंचा मेळ एवढ्यावरच थांबले. प्रमाणपत्रावर जी टक्केवारी येते, तिच्यात पाटावरच्या त्या सकाळीला जागा नाही.

हालचालीची दुसरी बाजू

अंधारात शर्टाची बटणे आपण लावू शकतो. डोळे मिटूनही आपला डावा हात कुठे आहे हे सांगता येते. त्वचेचे डोळे आणि कान नव्हेत, तर स्नायू, स्नायुबंध आणि सांधे यांतून मेंदूकडे सतत खबर जात असते म्हणून हे जमते. इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ साली या जाणिवेला 'प्रोप्रिओसेप्शन' हे नाव दिले. मराठीत आपण तिला शरीरस्थितीचे भान म्हणू. कानाच्या आतल्या भागातून येणारे तोलाचे भान ही तिची जोडीदारीण. शाळेत शिकलेल्या पाच ज्ञानेंद्रियांत या दोघी नसतात, पण त्यांच्याविना एक पाऊलही टाकता येत नाही. मांडी घालून बराच वेळ बसल्यावर पायाला मुंग्या येतात आणि उठताना पाय भलतीकडे पडतो. स्नायू धडधाकट असतात. फक्त खबर थांबलेली असते. काही मुलांचे पाऊल जन्मभर अशाच अर्धवट खबरीवर पडत असते.

हे का घडते, याचे एक उत्तर मेंदूच्या नकाशात आहे. सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळांमध्ये मेंदूच्या आतल्या पोकळ्यांलगतचा पांढरा भाग फार नाजूक असतो. रक्तपुरवठा कमी पडला किंवा जंतुसंसर्ग झाला तर इजा तिथे होते. पायांना आज्ञा नेणारे तंतू या पोकळ्यांच्या सर्वांत जवळून जातात, म्हणून पाय अधिक ताठरतात. पण त्याच भागातून स्पर्शाची खबर वर नेणारे तंतू जातात आणि थोडे मागे दृष्टीचे. २००२ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथील संशोधकांनी तंतूंचे मार्ग दाखवणाऱ्या नव्या प्रकारच्या एमआरआयने अशा मुलांचे मेंदू पाहिले, तेव्हा आज्ञा नेणाऱ्या तंतूंपेक्षा खबर आणणाऱ्या तंतूंची हानी अधिक ठळक दिसली. पाहिलेली मुले मोजकीच होती. पण इतकी वर्षे एकाच दिशेने पाहणाऱ्यांना थबकायला लावणारे ते चित्र होते.

इजेची जागा बदलली की संवेदनांचे चित्रही बदलते. नवजात बाळाची कावीळ हाताबाहेर गेली तर पित्तद्रव्य मेंदूच्या खोल केंद्रांत उतरते. अशा मुलांचे हातपाय स्वतःहून वळवळत राहतात आणि बऱ्याचदा ऐकण्याचा मार्गही दुखावलेला असतो. एका अंगाचा पक्षाघात असलेल्या मुलाची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या हातात डोळे मिटून नाणे ठेवा, मग किल्ली ठेवा. हाताला फरक कळत नसेल, तर तो हात थोडासा हलत असूनही मूल तो वापरत नाही. घरचे म्हणतात, आळशी आहे, सांगितल्याशिवाय हात पुढे करत नाही. हाताकडून काही कळतच नसेल, तर मूल त्याला कामाला तरी कशाला लावेल?

सकाळपासून रात्रीपर्यंत

अमेरिकी ऑक्युपेशनल थेरपिस्ट विनी डन यांनी १९९७ मध्ये एक उपयुक्त मांडणी केली. काही मुलांना अगदी थोडी संवेदनाही पुरते, काहींना पुष्कळ लागते. आणि दोन्ही प्रकारांत काही मुले त्यावर उपाय शोधतात, काही नुसती सोसत राहतात. एकच मूल स्पर्शाबाबत एका गटात आणि आवाजाबाबत दुसऱ्या गटात असू शकते. त्यामुळे मुलाला शिक्का मारण्यापेक्षा त्याचा दिवस पाहणे अधिक फलदायी ठरते.

आंघोळीपासूनच सुरुवात करू. ओली फरशी, थंड हवा, डोक्यावर अचानक पडणारा तांब्या, आणि ज्याला स्वतःचा तोल धरता येत नाही असे शरीर. आपल्याला क्षणभर गार वाटते. त्या मुलाला जमीन सरकल्यासारखे वाटत असावे. हलका, भुरभुरता स्पर्श अनेक मुलांना असह्य होतो आणि तळहाताचा भरदार दाब सोसतो, हा बहुतेक थेरपिस्टांचा अनुभव आहे. म्हणजे आईने मायेने बोटांच्या टोकांनी लावलेले तेलच नेमके चुकीचे होते. पुढे बहिणीने क्रम बदलला. पाटाऐवजी टेकू असलेली खुर्ची, पायांखाली आधार, पाणी आधी पावलांवर, प्रत्येक तांब्याआधी "आता पाठीवर" असे सांगणे, आणि शेवटी पंचाने चोळण्याऐवजी दाबून टिपणे. रडणे एका दिवसात थांबले नाही, पण दोनेक महिन्यांत आंघोळ ही रोजची लढाई राहिली नाही.

मग खाणे. तोंडाच्या आत स्पर्शाची दाटी असते. काही मुलांच्या दातांना किंवा हिरड्यांना चमचा लागताच जबडा आपोआप घट्ट मिटतो. तो हट्ट नव्हे, प्रतिक्षिप्त क्रिया आहे, आणि चमचा ओढला की पकड आणखी आवळते. जबडा सैल होईपर्यंत थांबायचे आणि स्टीलऐवजी मऊ, चपटा चमचा वापरायचा. मऊ भातात अवचित आलेला डाळीचा दाणा किंवा मोहरी काही मुलांना उलटी आणते, कारण दोन वेगळे पोत तोंडात एकदम हाताळता येत नाहीत. आपल्याकडे मुलाला मांडीवर आडवे घेऊन, मान मागे टाकून घास सोडण्याची पद्धत आहे. ती या मुलांसाठी धोक्याची आहे; घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. बसते अंग आणि किंचित खाली झुकलेली हनुवटी हवी. जेवताना वारंवार खोकला किंवा सारखा छातीचा कफ असेल तर ते डॉक्टरांना दाखवायलाच हवे.

डोळ्यांचा प्रकार सर्वांत फसवा. नेत्रतपासणी ठीक येते, तरी मूल समोरचे खेळणे शोधू शकत नाही. डोळ्यांनी आणलेले चित्र मेंदूला उलगडत नाही, अशी ही अडचण, आणि अपुऱ्या दिवसांच्या मुलांत ती पुष्कळदा असते. आमच्या घरी आजीची चौकड्यांची, रंगीबेरंगी गोधडी होती. तिच्यावर ठेवलेली मोटार भाच्याला दिसत नसे. तीच मोटार काळ्या कापडावर ठेवली की हात लगेच पुढे जाई. लग्नाच्या गर्दीत तो आईलाही ओळखत नसे आणि तिने हाक मारली की हसे. गर्दीत रडणारे मूल माणूसघाणे असते असे नाही. कदाचित तिथे त्याला चेहरेच वेगळे करता येत नसतील.

आणि आवाज. तान्ह्या बाळाला दचकवले की ते हात फेकते. ही प्रतिक्रिया सहसा सहाव्या महिन्यापर्यंत मावळते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या अनेक मुलांत तिच्यावर मेंदूचा लगाम पुरता बसतच नाही. कुकरची शिट्टी, दार आपटणे, मागून आलेली हाक, प्रत्येकाने शरीर ताणते आणि ताठरता वाढते. दिवसात असे वीस वेळा झाले, तर त्या मुलाने दिवसभर किती कष्ट उपसले असतील, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

रडणाऱ्या मुलाकडे निदान लक्ष जाते. ज्याला कमी कळते ते शांत मूल 'शहाणे' ठरते. कॅलिपर टोचून फोड आला तरी ते बोलत नाही, पाण्याचा चटका उशिरा कळतो. अशा मुलाची पावले रोज रात्री पाहावीत आणि पाणी आपल्या कोपराने तपासावे.

सगळेच संवेदनेवर ढकलू नये

नव्याने काही कळले की ते सगळीकडे दिसू लागते. माझेही तसे झाले. भाचा आठ वर्षांचा असताना कपडे बदलताना किंचाळू लागला, तेव्हा मी बहिणीला स्पर्शाच्या त्रासावर भाषण दिले होते. निघाले ते खुब्याचे दुखणे. मांडीचे हाड खोबणीतून सरकत होते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सेरेब्रल पाल्सी असलेल्या सुमारे एक तृतीयांश मुलांचे खुबे असे सरकलेले आढळले, आणि जितके चालणे कमी तितका धोका अधिक. माझ्या अर्धवट ज्ञानाने तीन महिने वाया गेले, ही बोच अजून आहे. म्हणून सांगते: नव्याने सुरू झालेले रडणे आधी दुखणे मानावे. खुबा, दात, कान, बद्धकोष्ठता, जळजळ हे सगळे तपासावे. विनाआवाज, एकामागून एक दचके येत असतील तर ती फीट असू शकते. मोबाइलवर चित्रण करून लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

उपचार म्हणून काय विकले जाते

'सेन्सरी इंटिग्रेशन' हा शब्द आज पालकांच्या तोंडी आहे. कॅलिफोर्नियाच्या जीन आयर्स यांनी ही उपपत्ती १९७२ च्या ग्रंथात मांडली, ती मुख्यतः शिकण्यात अडचण येणाऱ्या मुलांच्या संदर्भात. सेरेब्रल पाल्सीसाठी ती जशीच्या तशी उचलली गेली. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या आयोना नोवाक आणि सहकाऱ्यांनी या मुलांवरच्या ६४ उपचारांचे पुरावे तपासून त्यांना वाहतूक दिव्याचे रंग दिले. सेन्सरी इंटिग्रेशन लाल दिव्यात आले. हिरवा दिवा मिळाला तो मुलाला हव्या असलेल्या कामाचाच सराव, दोन्ही हातांचे प्रशिक्षण, घरी करायचा आखीव कार्यक्रम आणि परिस्थितीच मुलाला सोयीची करणे यांना.

बहिणीने एका केंद्रात सहा महिन्यांचे 'सेन्सरी पॅकेज' घेतले होते. झोपाळा, चेंडूंचा हौद, अंगावर ब्रश फिरवणे. भाच्याला झोपाळा आवडायचा, हे खरे. पण सहा महिन्यांनी शर्ट घालणे जिथे होते तिथेच राहिले, आणि घरातली एक मुदतठेव मोडली. झोपाळ्याशी माझे वैर नाही. खेळ म्हणून तो झकास. मात्र झोपाळ्याने मेंदूची घडी बसेल आणि मग शर्ट आपोआप घालता येईल, या आश्वासनाला आधार नाही. शर्ट घालायला शर्ट घालूनच शिकावे लागते. संवेदनांचे ज्ञान उपयोगी पडते ते त्या शिकण्याची वाट सोपी करायला: सुती, सैल बाहीचा शर्ट, आतले लेबल कापलेले, कडक बाजू आधी, भोवती शांतता, घाई नाही. याला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. आणि तो वेळ घरात बहुतेक एकट्या आईचा जातो, हेही लिहून ठेवले पाहिजे.

मुंबईत १९७२ साली मिथू अलूर यांनी आपल्या मुलीच्या शिक्षणाच्या प्रश्नातून या मुलांसाठी संस्था उभी केली. त्या मुलीने, मालिनी चिब यांनी, पुढे २०११ मध्ये इंग्रजीत आत्मकथन प्रसिद्ध केले. संशोधकाला बाहेरून दिसते ते ताठर अंग. आत काय चालते ते अंगात राहणाऱ्यानेच सांगावे लागते. अशी पुस्तके मराठीत अधिक यायला हवीत.

भाचा आता सतरा वर्षांचा आहे. बोलणे अडखळत, पण मुद्द्याचे. गेल्या दिवाळीत पुन्हा एक बॉम्ब वाजला आणि त्याच्या हातातला चहा सांडला. पाहुण्यांपैकी कोणी तरी म्हणाले, "एवढा मोठा झालास, अजून घाबरतोस?" तो शांतपणे म्हणाला, "मी नाही घाबरत. अंग घाबरतं." बारा वर्षे जे मी पुस्तकांत शोधत होते ते त्याने पाच शब्दांत सांगितले. खरे तर ते त्याला आधीच विचारायला हवे होते.

आता गल्लीतली मुले वात पेटवण्याआधी आमच्या खिडकीकडे बघून "दादा, लावतोय रे!" अशी आरोळी देतात. अंग तरीही दचकते, पण कमी. आणि तो खुर्चीचा हात धरून ठेवतो. नरकचतुर्दशीला त्याची आंघोळ आम्ही उशिरा, फटाके थांबल्यावर करतो. उटणे मऊ वस्त्रातून गाळून घेतो, तेल तळहाताने दाबून लावतो. मुहूर्त टळतो. आईने आता त्यावर बोलणे सोडले आहे. तेलाची वाटी तीच गरम करून ठेवते.